नेपोलियनच्या सैनिकांच्या दातांत टायफस सापडलाच नाही, मग आधीचं संशोधन चुकलं का?

रिकामटेकडा_वाचक:
मंडळी, एक शंका आहे, विषय माझा नाही त्यामुळे सांभाळून घ्या. १८१२ ला नेपोलियन मॉस्कोहून मागे फिरला तेव्हा थंडी, उपासमार आणि टायफस यांनी त्याचं सैन्य संपवलं असं आजवर वाचत आलोय. मग २००१ मध्ये लिथुआनियातल्या व्हिल्नियसला त्या सैनिकांचं मोठं सामूहिक दफन सापडलं, दात तपासले आणि २००६ मध्ये टायफसच्या जंतूचा डीएनए सापडल्याचं छापून आलं, म्हणजे विषय संपला असं वाटलं. आणि आता २०२५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटवाल्यांनी त्याच जागेतल्या १३ सैनिकांचे दात नव्या पद्धतीने तपासले तर टायफसचा पत्ताच नाही, उलट पॅराटायफॉइडचा जंतू निघाला आणि रिलॅप्सिंग फीव्हरचा (जाऊन परत परत उलटणारा ताप) निघाला.

आता माझा घोळ असा आहे की टायफस, टायफॉइड, पॅराटायफॉइड हे सगळं मी एकाच खानदानातलं समजत होतो. ते तसं नसेल तर मग दोन टीमना दोन वेगळी उत्तरं कशी आली? कोणाचं चुकलं? आणि एवढं शंभर-सव्वाशे वर्षं संशोधन चाललंय तरी या दोन रोगांत गोंधळ होतोच कसा, जंतू समोर दिसतो ना मायक्रोस्कोपखाली?

मायक्रोवाली:
खानदान अजिबात एक नाही हो. टायफॉइडचा जंतू साल्मोनेला टायफी, पॅराटायफॉइडवाले त्याचेच चुलतभाऊ, हे सगळे पोटातून शिरणारे, दूषित पाणी-अन्नातून येणारे. टायफसचा जंतू रिकेट्सिया प्रोवाझेकी, हा अंगावरच्या उवांमधून येतो आणि त्याचं साल्मोनेलाशी तसं काही नातं नाही. दोघांत सारखं काय, तर दोन-दोन तीन-तीन आठवडे चालणारा ताप, ग्लानी, बडबड, अंगावर पुरळ. आजारी माणसाकडे बघून फरक करायचा तर अवघडच आहे ते.

आता चुकलं कोणाचं. आधी आकडे बघा. २००६ ला ३५ सैनिकांचे दात तपासले होते, त्यातल्या ३ जणांत रिकेट्सिया आणि ७ जणांत ट्रेंच फीव्हरचा बार्टोनेला क्विंटाना मिळाला. २०२५ ला १३ जण, त्यातल्या ४ जणांत पॅराटायफॉइडचा पॅराटायफी सी आणि २ जणांत रिलॅप्सिंग फीव्हरचा बोरेलिया रिकरेंटिस. आणि त्या खड्ड्यात माणसं आहेत दोन-तीन हजार. ३५ मधले ३ म्हणजे जवळपास १२ मागे १ झाला, मग वेगळ्या १३ जणांत एकही नाही निघाला तर त्यात नवल काय? नुसत्या योगायोगानेही तसं होऊ शकतं. त्यामुळे "टायफस नव्हताच" असं नव्या कामातून सिद्ध होत नाही आणि ते लोक तसं म्हणतही नाहीयेत. बातम्यांच्या हेडिंगवाल्यांनी म्हटलं असेल.

पण पद्धतीचा फरक मोठा आहे आणि तिथे मी नव्या टीमच्या बाजूने आहे. २००६ ची पद्धत पीसीआरची, म्हणजे ठरावीक जंतूचा एक छोटा तुकडा धरून तो वाढवायचा. यात जे शोधायला गेलात तेच सापडतं, यादीत नसलेला जंतू समोर असला तरी दिसत नाही, आणि पीसीआरला बाहेरच्या डीएनएची जरा जरी शिंतोडी उडाली तरी पॉझिटिव्ह येतं. आता काय करतात तर दाताच्या आतल्या पोकळीत जो काही डीएनए उरलाय तो सगळा वाचून काढतात आणि मग कॉम्प्युटरला विचारतात की यात कोण कोण आहे. शिवाय जुन्या डीएनएवर खुणा असतात, तुकडे लहान झालेले असतात, टोकांना डीएनएच्या सी या अक्षराचा टी झालेला असतो, त्यावरून कळतं की हे खरंच दोनशे वर्षांपूर्वीचं आहे की कालपरवा कोणाच्या हातमोज्यावरून आलंय. २००६ ला ही सोय हाताशी नव्हती.

रिकामटेकडा_वाचक:
ओके हे समजलं. पण दातच का? आणि जर टायफसवाला असता तर दातात नक्की मिळालाच असता का?

मायक्रोवाली:
दात कारण आतल्या गरात रक्तवाहिन्या असतात आणि बाहेरून इनॅमलचं कवच. मरताना रक्तात जे फिरत होतं त्याचा थोडा अंश आत अडकून पडतो आणि बाकी हाडांपेक्षा बरा टिकतो. 

नक्की मिळालाच असता असं नाही. कुठला जंतू रक्तात किती असतो आणि डीएनए किती टिकतो यावर सगळं आलं. टायफॉइडमध्येसुद्धा आजच्या जिवंत पेशंटच्या रक्तात मिलीलिटरला एखादाच जंतू सापडतो बरं का, कधी तोही नाही. दोनशे वर्षांनी दातात काही मिळतंय हेच खरं तर आश्चर्य. म्हणून पॉझिटिव्ह रिझल्टला वजन द्यायचं, निगेटिव्हला फार नाही.

टवाळ_पोरगा:
म्हणजे नेपोलियनला ना रशियाने हरवलं ना उवांनी, हॉटेलातल्या पाण्याने हरवलं 😂

जुनापुराणा:
टवाळ, उवा सुटल्या नाहीत. बोरेलिया रिकरेंटिस पण अंगावरच्या उवाच पसरवतात. आणि ट्रेंच फीव्हरही. त्यामुळे सैनिक उवांनी भरलेले होते यात शंका नाही, प्रश्न फक्त त्या उवांनी काय काय वाहून आणलं एवढाच आहे.

मूळ प्रश्नातला दुसरा भाग घेतो, एवढी वर्षं गोंधळ कसा. १८१२ ला कोणालाच हे दोन वेगळे रोग आहेत हे माहीत नव्हतं ही गोष्ट लक्षात घ्या. त्या काळच्या डॉक्टरने डायरीत जे काही लिहिलंय ते दोन्हींपैकी काहीही असू शकतं. फरक नीट दाखवला तो फिलाडेल्फियाच्या विल्यम गेरहार्ड यांनी, १८३६ च्या साथीत, पेपर १८३७ चा. हा माणूस आधी पॅरिसला पिएर लुई यांच्याकडे शिकला होता, तिथे टायफॉइडने मेलेल्यांची आतडी उघडून उघडून बघितली होती, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लसिका ग्रंथींचे जे चट्टे असतात ते सुजलेले आणि व्रण पडलेले. फिलाडेल्फियात टायफसने मेलेल्यांची पोटं उघडली तर आतडी साफ! एकही व्रण नाही. ताप तोच, ग्लानी तीच, पण आतडं वेगळं. लंडनमध्ये विल्यम जेनर यांनी १८४९-५० च्या सुमाराला हेच परत पक्कं केलं. हे सगळं जंतू कुणी बघायच्या आधी, नुसत्या शवविच्छेदनावर, मला तरी हे काम नंतरच्या कितीतरी भारी उपकरणवाल्या कामांपेक्षा मोठं वाटतं.

मग जंतूंची पाळी आली आणि इथे दोघांच्या वाटा फाटल्या. टायफॉइडचा जंतू १८८० मध्ये एबर्थ यांनी प्लीहेत आणि ग्रंथींत पाहिला आणि १८८४ मध्ये गाफ्की यांनी तो वाढवून दाखवला. चार वर्षांत काम फत्ते. टायफसवाल्याने मात्र लोकांचे जीव घेतले, अक्षरशः. हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये मेक्सिको सिटीत टायफसवर काम करता करता टायफसनेच गेले. प्रोवाझेक १९१५ मध्ये कॉटबुसच्या युद्धकैदी छावणीत तसेच गेले, त्यांच्याबरोबर काम करणारे ब्राझीलचे रोशा लिमा पण आजारी पडले पण वाचले आणि १९१६ मध्ये त्यांनीच जंतूला त्या दोन मेलेल्या संशोधकांची नावं दिली, रिकेट्सिया प्रोवाझेकी.

उवांचा शोध मात्र जंतूच्या आधी लागला, १९०९, ट्युनिसला शार्ल निकोल. निकोल यांचं निरीक्षण मला फार आवडतं. हॉस्पिटलच्या दाराबाहेर पेशंट पडलेले असायचे, त्यांना उचलून आणणाऱ्याला लागण व्हायची, त्यांचे कपडे घेणाऱ्याला व्हायची, धुणाऱ्याला व्हायची. पण एकदा अंघोळ घालून हॉस्पिटलचे कपडे चढवून वॉर्डात टाकलं की शेजारच्या पेशंटला काही व्हायचं नाही. म्हणजे जे काही आहे ते अंगावर आणि कपड्यांत आहे. मग माकडांवर उवा सोडून सिद्ध केलं. १९२८ चं नोबेल त्यालाच.

रिकामटेकडा_वाचक:
जबरदस्त! पण मग टायफसचा जंतू एवढा का छळतो? गाफ्कींनी टायफॉइडवाला प्लेटवर वाढवला तसा हा का नाही वाढत?

मायक्रोवाली:
कारण तो प्लेटवर वाढतच नाही, आजही नाही वाढत. रिकेट्सिया जिवंत पेशीच्या आतच जगतो. आपल्या रक्तवाहिन्यांचं जे आतलं अस्तर आहे त्या पेशींत शिरतो, आत वाटून वाटून एवढा होतो की पेशी फुटते, आणि मग वाहिन्या गळायला लागतात, पुरळ येतं, मेंदूवर परिणाम होतो. पेशीच्या आत तो आपलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, सरळ चोरतो. १९७६ मध्ये हर्बर्ट विंकलर यांनी दाखवलं की त्याच्या आवरणात असा एक वाहक आहे जो आपलं भरलेलं एटीपी आत घेतो आणि वापरून झालेलं एडीपी बाहेर टाकतो. घरात राहून वर घरमालकाच्याच मीटरवर वायर टाकलेला भाडेकरू. असा जंतू अगारवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या खाद्यावर, ठेवला तर उपाशी मरतो.

म्हणून तो वाढवायला काहीतरी जिवंत लागतं. १९३८ मध्ये हेराल्ड कॉक्स यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत वाढवून दाखवला तेव्हा कुठे तो भरपूर हाताशी आला आणि त्यातून लस निघाली. त्याच्या आधी काय करायचे हे जुनापुराणा काका सांगतील, मला ते वाचूनच शिसारी येते.

जुनापुराणा:
हा हा, सांगतो. रुडॉल्फ वाइगल, पोलंडमधलं ल्वूफ, आताचं युक्रेनमधलं ल्व्हिव. त्यांनी उवेलाच प्लेट बनवलं. उवेला चिमट्यात धरायची, मायक्रोस्कोपखाली ठेवायची आणि केसासारख्या बारीक काचेच्या नळीने तिच्या गुदद्वारातून रिकेट्सियाचा थेंब आत सोडायचा. तोंडाने नाही, कारण ऊ फक्त जिवंत माणसाचं रक्त पिते. मग या लागण झालेल्या उवांना काही दिवस पोसायचं. कशावर? माणसावर. छोट्या लाकडी डब्या, एका बाजूला बारीक जाळी, आत शेकडो उवा, आणि त्या डब्या पट्ट्याने पायाला बांधून माणूस बसून राहायचा. नंतर एकेका उवेचं आतडं सुईने काढून, फिनॉलमध्ये कुटून लस. एका माणसाला पुरेल एवढ्या लशीला उवा ढिगाने लागायच्या.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना टायफसची धास्ती होती त्यामुळे वाइगलच्या संस्थेचं ओळखपत्र असलेल्या माणसाला सैनिक सहसा हात लावायचे नाहीत आणि वाइगल यांनी त्याचा फायदा घेऊन कितीतरी प्राध्यापक, विद्यार्थी, क्रांतिकारक "उवा पोसणारे" म्हणून कामाला लावले. गणितज्ञ श्टेफान बानाख पण त्यात होते. ज्याच्या नावाने बानाख स्पेस शिकवतात तोच, पायाला उवांच्या डब्या बांधून.

तिथलेच लुडविक फ्लेक यांनी तर ज्यूंसाठीच्या गेटोमध्ये कोंडलेले असताना उवांशिवाय, पेशंटच्या लघवीतून प्रतिजन (जंतूचा जो अंश आपलं शरीर ओळखतं तो) काढून लस करायचा प्रयत्न केला.

लॅबवाला_भाऊ:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो म्हणून थोडं आजचं सांगतो. काका म्हणाले ते सगळं खरं पण गोंधळ अजूनही संपलेला नाही आणि त्याचं कारण टेस्ट आहेत. टायफॉइडसाठी विडाल टेस्ट, १८९६ ची, जॉर्ज फर्नांड विडाल यांची. पेशंटचं सीरम आणि मेलेले साल्मोनेला एकत्र केले की गुठळ्या होतात का बघायचं. सव्वाशे वर्षं झाली, अजून चालू आहे. स्लाइडवर थेंब टाकून गोल गोल फिरवायचं, दाणे दिसले की पॉझिटिव्ह. पण हे दाणे आधी कधी टायफॉइड होऊन गेलेल्याला येतात, लस घेतलेल्याला येतात, दुसरेच कुठले साल्मोनेला पोटात असतील तरी येतात. आणि पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असून येत नाहीत. एका विडालवर टायफॉइड ठरवू नये असं सगळी पुस्तकं सांगतात आणि सगळे ठरवतात.

आता गंमत म्हणजे टायफसची जुनी टेस्ट पण गुठळ्यांचीच आहे. वाइल-फेलिक्स, १९१६. त्यात रिकेट्सिया वापरतच नाहीत! प्रोटियस नावाचा भलताच जंतू वापरतात कारण त्याच्या आवरणावरच्या साखरेच्या साखळीतला एक तुकडा रिकेट्सियासारखा दिसतो म्हणून टायफसवाल्याच्या अँटिबॉडी त्याला पण चिकटतात. ओएक्स१९ टायफससाठी, ओएक्सके स्क्रब टायफससाठी. ज्या जंतूला वाढवताच येत नव्हतं त्याची टेस्ट करायची तर असलाच जुगाड हवा. पण जुगाडच तो, स्वस्त आहे म्हणून टिकला, अचूकतेच्या नावाने बोंब.

कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं, हाच टायफॉइडचा खरा पुरावा, पण तिथेपण रक्त ८-१० मिली तरी पाहिजे, अँटिबायोटिकच्या आधी पाहिजे, आणि हे सगळं करूनही निम्म्याच्या आसपास केसेस सापडतात. बोन मॅरोचं कल्चर जास्त चांगलं, ८० टक्क्यांच्या वर, पण तापाच्या पेशंटला हाडात सुई कोण घालू देणार.

जुनापुराणा:
भाऊ, तुम्ही फेलिक्सचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, आर्थर फेलिक्स हा एकच माणूस दोन्ही रोगांच्या संशोधनात बरोबर मध्ये उभा आहे. १९१६ ला टायफसची टेस्ट, आणि १९३४ मध्ये त्यांनीच मार्गारेट पिट यांच्याबरोबर टायफॉइडच्या जंतूच्या बाहेरच्या आवरणाचं व्हीआय प्रतिजन शोधलं. आज ज्या टायफॉइडच्या नव्या लशी आहेत त्या याच व्हीआयच्या आहेत.

दुसरा एक धागा औषधाचा. १९४८, क्वालालंपूर. थिओडोर वुडवर्ड, जोसेफ स्मॅडेल वगैरे अमेरिकन मंडळी क्लोरॅम्फेनिकॉल हे नवं औषध स्क्रब टायफसवर चालतं का बघायला गेली होती. पेशंट घेतले, औषध दिलं, काही जण बरे झाले आणि मग रिपोर्ट आला की अहो यांना स्क्रब टायफस नाहीच आहे, टायफॉइड आहे! म्हणजे त्या दोन रोगांतल्या गोंधळातूनच टायफॉइडचं पहिलं खात्रीचं औषध मिळालं. त्या पेपरवर शेवटचं नाव मंकीकर आहे, ते आपलं आडनाव बघून बरं वाटलं एवढंच.

रिकामटेकडा_वाचक:
स्क्रब टायफस म्हणजे आणखी तिसरं काही?

मायक्रोवाली:
हो, तिसरं. जंतू ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, झाडाझुडपांतल्या बारीक माइटच्या अळीच्या चाव्यातून येतो, चावलेल्या जागी काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. ती खपली काखेत, जांघेत असते म्हणून बघितलीच जात नाही. आधी याला रिकेट्सियातच धरायचे, १९९५ ला वेगळा काढला. आणि चौथा पण आहे, रिकेट्सिया टायफी, उंदरांच्या पिसवांतून येणारा. नावात टायफी आहे पण टायफॉइडशी संबंध नाही, आणि साल्मोनेला टायफीचा टायफसशी नाही. नावं ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!

रिकामटेकडा_वाचक:
शेवटचा प्रश्न (खोटं बोलतोय, अजून असतील). टायफॉइडचा जंतू प्लेटवर एवढा सहज वाढतो तर मग त्याच्यावरचं संशोधन सोपंच असेल ना, रिकेट्सियापेक्षा? उंदरांवर प्रयोग करून मोकळं व्हायचं.

मायक्रोवाली:
इथेच तर खरी मेख आहे. साल्मोनेला टायफी उंदराला आजारीच पाडत नाही. माणूस सोडून त्याला कोणीच नको. त्यामुळे लोकांनी वर्षानुवर्षं काय केलं तर त्याचा भाऊ साल्मोनेला टायफीम्युरियम घेतला, जो उंदराला टायफॉइडसारखा आजार देतो पण माणसाला फक्त जुलाब, आणि त्याच्यावरून टायफॉइडबद्दल अंदाज बांधले. पुष्कळ काही कळलं पण काही गोष्टी साफ हुकल्या, उदाहरणार्थ व्हीआयचं आवरण, ते टायफीम्युरियमला नाहीच.

२०१२ मध्ये हॉर्हे गालान यांच्या येल विद्यापीठातल्या लॅबने एक फार सुंदर गोष्ट दाखवली. उंदराच्या संरक्षक पेशीत आरएबी३२ नावाचं एक प्रथिन असतं, ते साल्मोनेला बसलेल्या पिशवीपर्यंत जंतुनाशक माल पोचवतं. टायफीम्युरियमकडे ते प्रथिन कापायची कात्री आहे, जीटीजीई. टायफीकडे ती नाही. टायफीमध्ये तेवढा एक जीन घातला तर तो उंदराच्या पेशीत जगायला लागला! एका जीनने एवढा फरक. आणि २०१४ मध्ये त्याच लॅबने टायफॉइडचं जे विष आहे ते ज्या साखरेला चिकटतं ती साखर माणसाच्या पेशींवर असते आणि बहुतेक बाकीच्या सस्तन प्राण्यांवर तिचं थोडं बदललेलं रूप असतं, त्याला ते नीट चिकटत नाही, हे दाखवलं.

उंदीर चालत नाही म्हटल्यावर उरतो माणूसच. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत मेरीलँडला कैद्यांना स्वयंसेवक म्हणून टायफॉइड पाजून प्रयोग झाले, ते आज कुठलीच एथिक्स कमिटी पास करणार नाही. अलीकडे ऑक्सफर्डने निरोगी, सगळं समजून सही केलेल्या लोकांना मोजून जंतू पाजले, सोडा बायकार्बच्या पाण्यात म्हणजे पोटातलं ॲसिड मध्ये येत नाही, रोज तपासायचे आणि ताप आला की लगेच अँटिबायोटिक. व्हीआय टिटॅनस टॉक्सॉइडला (टिटॅनसचं निकामी केलेलं विष) जोडून केलेली नवी लस त्यांनी अशीच तपासली, २०१७ ला छापलं. नंतर नेपाळमधल्या मुलांमध्ये तिचा परिणाम ८० टक्क्यांच्या आसपास आला.

आता मला या दोन जंतूंबद्दल खरंच जे सांगायचंय ते हे. दोघं एकमेकांचे कोणी नाहीत, एक पेशीच्या आत कोंडलेला, एक पाण्यातही तग धरणारा, पण जीनोम वाचले तेव्हा दोघांनी एकच उद्योग केलेला दिसला. १९९८ मध्ये स्वीडनच्या उप्सालामध्ये सीव अँडरसन यांच्या टीमने रिकेट्सिया प्रोवाझेकीचा जीनोम वाचला. जेमतेम ११ लाख अक्षरं, ८३४ प्रथिनांचे जीन, आणि जवळजवळ पाव हिस्सा नुसता मोडकळीला आलेला, जिथे पूर्वी जीन होते आणि आता काही नाही. जे आयतं मिळतं ते बनवायचे जीन गेले. शिवाय तो आपल्याच पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीच्या वीजघराचा, जवळचा नातेवाईक निघाला, ते वेगळंच. मग २००१ ला टायफीचा आला, ४८ लाख अक्षरं, आणि त्यात दोनशेच्या वर जीन मोडलेले. टायफीम्युरियममध्ये त्यातले बरेच धडधाकट आहेत. म्हणजे टायफीनेपण माणूस हे एकच घर पकडल्यावर बाकीच्या प्राण्यांसाठी लागणारं सामान टाकून दिलं. म्हणूनच वर म्हटलं तसं उंदीर चालत नाही. लोक समजतात जंतू घातक होतो म्हणजे त्याच्याकडे नवीन काहीतरी येतं. तसंही होतं, पण या दोघांत गमावणं जास्त दिसतं.

लॅबवाला_भाऊ:
+१. आणि नवीन मिळवायचं म्हणाल तर टायफी सध्या तेही करतोय. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंधमधला एक्सडीआर (बहुतेक औषधांना दाद न देणारा) टायफॉइड बघा, क्लोरॅम्फेनिकॉल गेलं, सिप्रो गेलं, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन पण गेलं, बाहेरून एक प्लाझमिड, म्हणजे जंतू एकमेकांना देतात तो डीएनएचा सुटा तुकडा, उचललं त्याने. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांत ॲझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. त्यामानाने टायफस गरीब, डॉक्सीसायक्लिनला अजून ऐकतो. फक्त संशय यायला पाहिजे, नाहीतर टायफॉइड समजून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची सलाईनं चढत राहतात आणि रिकेट्सियावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

टवाळ_पोरगा:
एक सिरियस प्रश्न विचारू का. दोन्ही जंतू माणसालाच धरून बसलेत म्हणता, मग साथ नसते तेव्हा जातात कुठे?

मायक्रोवाली:
विचारलास बाबा शहाण्यासारखा प्रश्न. टायफी पित्ताशयात. पित्त बाकी जंतूंना मारतं, याला नाही, आणि पित्ताचे खडे असले तर त्यांच्यावर थर करून बसतो. माणूस ठणठणीत आणि वर्षानुवर्षं जंतू बाहेर पडत राहतात. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन याचं प्रसिद्ध उदाहरण, तिला १९०७ मध्ये पकडून वेगळं ठेवलं, मग सोडलं, १९१५ ला परत पकडलं आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत बेटावर ठेवलं. स्वतः आजारी नसलेल्या बाईला एकूण पंचवीसेक वर्षं कोंडून ठेवणं योग्य होतं का यावर अजून भांडणं होतात आणि माझ्या मते व्हायलाच पाहिजेत.

रिकेट्सिया पण माणसातच लपतो. टायफस होऊन गेलेल्याला कित्येक दशकांनी, म्हातारपणी, परत सौम्य टायफस होतो, उवा नसताना. ब्रिल-झिन्सर म्हणतात त्याला. न्यूयॉर्कमध्ये नेथन ब्रिल यांनी असे पेशंट पाहिले आणि हान्स झिन्सर यांनी १९३४ मध्ये सांगितलं की हा नवा रोग नाही, पूर्व युरोपातून आलेल्या लोकांचा जुना टायफस परत उठलाय. त्या वेळी अंगावर उवा असल्या की साथ परत सुरू होऊ शकते. इतकी वर्षं तो नेमका कुठे बसतो यावर वाद आहे, उंदरांवरच्या एका कामात चरबीच्या पेशींत मिळाला. याशिवाय अमेरिकेत उडत्या खारींमध्येही हा जंतू सापडलाय, १९७५ ला, त्यामुळे "फक्त माणूस" हे याच्याबाबतीत शंभर टक्के खरं नाही.

रिकामटेकडा_वाचक:
सगळ्यांना खूप धन्यवाद. मग व्हिल्नियसबद्दल आता काय धरायचं? परत कोणी जास्त दात तपासणार का?

जुनापुराणा:
दात आहेत, पद्धत आहे, त्यामुळे कोणीतरी करेलच असं मला वाटतं. तोवर एवढं धरा की त्या सैन्यात एकाच वेळी तीन-चार तरी ताप फिरत होते. पॅराटायफी सी म्हणाल तर तो असा अनपेक्षित जागी याआधीही भेटलाय, मेक्सिकोत १५४५ च्या कोकोलिझ्टली साथीत मेलेल्यांच्या दातांत पण तोच सापडला होता, २०१८ चा पेपर आहे, आणि त्या साथीसाठीसुद्धा संशयितांच्या यादीत टायफस होताच.

मायक्रोवाली:
आणि पुढच्या टीमने दातांबरोबर कपड्यांच्या अवशेषांसकटची माती पण घ्यावी. २००६ वाल्यांनी ती चाळली होती आणि त्यात उवांचे तुकडे मिळाले होते, त्यात बार्टोनेला होता. अंगावरची ऊ शिवणीत राहते आणि रिकेट्सिया तिच्या आतड्यात वाढून तिलाही एक-दोन आठवड्यांत मारतो, लाल होऊन मरते ती. आता नव्या पद्धतीने तीच माती वाचली तर पेशंटच्या रक्तात जंतू किती होते हा प्रश्नच मध्ये येत नाही, कारण उवेच्या आतड्यात तो भरपूर असतो.